क्रेमोना : मिलानहून सोमवारी एका दिवसात होईल का? सोबत व्हायोलिनही आहे

सुरपेटी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिलानला चार रात्री आहोत, गुरुवार ते सोमवार. त्यातला सोमवार क्रेमोना या व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या गावासाठी मोकळा ठेवलाय. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा विचार आहे. तिघं आहोत, त्यातल्या आईला जिने फार चढवत नाहीत आणि ती पूर्ण शाकाहारी आहे (अंडंही नाही).

प्रश्न असे :
१. एक दिवस पुरेल का? तिथल्या व्हायोलिन म्युझियमला किती वेळ धरावा?
२. व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या कार्यशाळा अशाच जाऊन बघता येतात का?
३. सोबत जुनं व्हायोलिन नेणार आहे, हिंदुस्थानी पद्धतीने वाजवतो ते. तबली (वरची फळी) आणि बाजूची पट्टी यांच्यातला सांधा दोनेक इंच सुटलाय. तिथे दुरुस्त करून मिळेल का?
४. आईच्या जेवणाचं काय?

पोकाठी

आधी सोमवार बदला, बाकीचं नंतर बघू. म्युझेओ देल व्हिओलिनो, म्हणजे ते व्हायोलिन म्युझियम, सोमवारी बंद असतं. मिलानहून एका दिवसात येणाऱ्यांची सगळ्यात ठरलेली चूक हीच : चौकात फोटो काढायचा, तोर्रोने (इथली बदामाची मिठाई) घ्यायचं आणि जे बघायला आलो त्याच्या बंद दारावरून परतायचं.

तुमच्याकडे शुक्रवार-शनिवार आहेत, तेच वापरा, कारण इथे दोन वेळापत्रकं एकमेकांच्या उलट चालतात. कार्यशाळा सोमवार ते शुक्रवार चालू, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बहुतेक बंद. म्युझियममधल्या जुन्या वाद्यांचं प्रत्यक्ष वादन (त्याला तिथे आउदित्सिओने म्हणतात) मात्र बहुतकरून शनिवार-रविवारी, दुपारी बाराच्या सुमारास. म्हणजे शुक्रवारी दुपारी पोहोचा, कार्यशाळा बघा, रात्री राहा, शनिवारी सकाळी म्युझियम, बाराला वादन, जेवून परत. मिलानचं हॉटेल एक रात्र कमी करा, क्रेमोनात स्वस्तही पडतं. फक्त सप्टेंबरच्या शेवटी मोंदोम्युझिका हे वाद्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा खोल्या मिळत नाहीत. तुम्ही त्यानंतर जाताय, तेव्हा ती काळजी नको.

गाडी : मिलानो चेंत्राले स्टेशनवरून मांतोव्हाकडे जाणारी त्रेनोर्द कंपनीची रेजिओनाले (प्रादेशिक गाडी) धरा. लोदी, कोदोन्यो करत क्रेमोना, साधारण सव्वा तास. थेट गाड्या दोन-दोन तासांनी आहेत, त्यामुळे एक चुकली की अर्धा दिवस गेला. कोदोन्योच्या पुढे मार्ग बराचसा एकेरी आहे. समोरची गाडी उशिरा आली की आपली सायडिंगला उभी राहते. म्हणून परतीच्या दिवशी या गाडीला जोडून विमान ठेवू नका. थेट गाडी नसेल तेव्हा त्रेव्हिल्योला बदलून जाता येतं. रेजिओनालेला आरक्षण नसतं, तिकीट आधी काढून काही वाचत नाही. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो.

संप : इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि शुक्रवारी वारंवार असतात. 'शोपेरो' हा शब्द शोधून आदल्या आठवड्यात बघून ठेवा. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. शनिवार-रविवारी ती हमी नाही.

स्टेशनातून बाहेर पडलात की समोर व्हिया पालेस्त्रो. तो सरळ गावात नेतो, पंधरा मिनिटांत कॅथेड्रलचा चौक. सगळं सपाट आहे, आईंना त्रास नाही, फक्त जुन्या भागात गोटे बसवलेले रस्ते आहेत. चाकांची बॅग खडखडते आणि पातळ तळव्याची चप्पल टोचते.

म्युझियम पियात्सा मार्कोनीवर आहे, २०१३ साली उघडलं. दहा दालनं, लिफ्ट आहे. अडीच तास धरा, वादन वेगळं. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि सुरू झाल्यावर आत घेत नाहीत. म्युझियमच्या संकेतस्थळावर त्या दिवशी कुठलं वाद्य, कोण वाजवणार ते दिलेलं असतं. अर्ध्या-पाऊण तासाचा मामला. सभागृह जेमतेम साडेचारशे खुर्च्यांचं, वादक मधोमध आणि श्रोते चहूबाजूंनी, ध्वनिरचना जपानच्या यासुहिसा तोयोता यांची. तिथे खोकला आवरा. २०१९ च्या जानेवारीत याच सभागृहात चार जुन्या वाद्यांचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करायचा होता, तेव्हा आजूबाजूच्या रस्त्यांवर पाच आठवडे वाहनं बंद ठेवली होती आणि महापौरांनी गावाला आवाज कमी करायची विनंती केली होती. उंच टाचांचे बूटसुद्धा आत ऐकू येत होते.

दालनांत सगळे लोक काचेतल्या तांबूस व्हायोलिनांभोवती गर्दी करतात. इथल्या जुन्या कारागिरांची ही बघायलाच हवीत : आंद्रेआ आमातीचं 'कार्लो नववा' (सुमारे १५६६, पाठीवर फ्रान्सच्या राजाचं चिन्ह रंगवलेलं, आता विरलेलं), नातू निकोलोचं १६५८ चं 'हामेर्ले', स्त्रादिवारीचं १७१५ चं 'इल क्रेमोनेझे', ग्वारनेरी देल जेझूचं १७३४ चं. 'इल क्रेमोनेझे' एकेकाळी जोसेफ योआखिम या नामांकित व्हायोलिनवादकाकडे होतं, १९६१ मध्ये गावाने ते परत आणलं. पण माझं मत विचाराल तर खरा ऐवज स्त्रादिवारीच्या कार्यशाळेतल्या वस्तूंच्या दालनात आहे : अक्रोडाच्या लाकडाचे साचे, कागदी नमुने, हत्यारं, सातशेहून जास्त नग. स्त्रादिवारीच्या मुलाने, पाओलोने, ते वाद्यांचा संग्राहक काउंट कोत्सिओला विकले, पुढे जुझेप्पे फिओरिनी या कारागिराने विकत घेतले आणि १९३० मध्ये गावाला दिले. साच्याच्या कडेला सहा खाचा दिसतील. त्यांत ठोकळे बसवून भोवती पट्ट्या वाकवायच्या, असं आतून बाहेर बांधकाम. तेवढं डोक्यात ठेवून मग काचेतली व्हायोलिनं पुन्हा बघा.

खुंटी

वरचं सगळं बरोबर. कार्यशाळा आणि दुरुस्तीबद्दल मी लिहितो.

गावात दीडशेच्या आसपास कार्यशाळा आहेत. 'बोत्तेगा' म्हणतात आणि कारागिराला 'लिउताइओ'. बहुतेक ठिकाणी एकच माणूस, फार तर एक शिकाऊ. दारावर पाटी लहान, काचेतून टांगलेली पांढरी व्हायोलिनं दिसली की ओळखायचं. आपल्या मिरजेत सतारमेकर गल्लीत उंबऱ्यावर उभं राहून बोलता येतं, तसं इथे धरू नका. आठवडाभर आधी दोन ओळींची ईमेल करा : किती जण, किती वाजता, विकत घ्यायचंय की फक्त बघायचंय. 'फक्त बघायचंय' असं खरं लिहिलेलं चालतं. पत्ते कारागिरांच्या संघाच्या संकेतस्थळावर मिळतात, पर्यटन कार्यालयही भेट ठरवून देतं. दुपारी साडेबारा ते तीन-साडेतीन ही वेळ मागू नका, तेव्हा सगळे जेवायला घरी.

आत गेल्यावर टांगलेल्या वाद्याला हात लावायचा नाही. कोरडं दिसतं, पण तेलाचं व्हार्निश आठवडेच्या आठवडे मऊ राहतं आणि बोटाचा ठसा कायमचा बसतो. हातात दिलंच तर मानेला धरा. फोटो विचारून.

बघायचं काय, हे माहीत नसेल तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. हे मागा : बाजूची पट्टी तापलेल्या लोखंडावर वाकवताना. पट्टी मेपलची, जेमतेम एक मिलिमीटर जाड, ओली करून दाबायची. घाई केली की लाकडाच्या वळणदार रेषेवरच तडकते. दुसरं, तबली कोरताना. स्प्रूसची फळी पटाशीने, मग अंगठ्याएवढ्या पितळी रंध्याने, शेवटी कानस किंवा काचकागद नव्हे तर पोलादी पातं खरवडून अडीच-तीन मिलिमीटरवर आणतात. पाठ मेपलची, मध्ये साडेचारच्या आसपास, कडेला कमी. मध्येच थांबून दोन बोटांत धरून टिचकी मारतात. तिसरं, कडेची तीन पदरी किनार : काळी-पांढरी-काळी. नुसती नक्षी नाही ती, कडेला चीर पडली तर आत पसरू देत नाही. कारखान्यातल्या स्वस्त वाद्यावर ती कधीकधी शाईने काढलेली असते.

एका व्हायोलिनला सत्तरच्या वर लाकडी तुकडे लागतात आणि एक कारागीर वर्षाला तीन ते सहा वाद्यं करतो. २०१२ मध्ये युनेस्कोने ही कारागिरी अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ठेवणीतलं स्प्रूस आल्प्समधल्या व्हाल दि फिएम्मेचं, मेपल बाल्कनमधलं. दोन्ही वर्षानुवर्षं सुकवलेलं.

आता तुमचं व्हायोलिन. सांधा सुटलाय ही वाईट बातमी नाही. तबली मुद्दाम पातळ सरसाने चिकटवलेली असते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, तेव्हा काहीतरी सुटायलाच हवं. सांधा सुटला म्हणून तबली वाचली. सरस घट्ट असता तर लाकूडच तडकलं असतं. मात्र जाण्याआधी घरी फेविकॉल लावू नका. तो सरसासारखा गरम पाण्याने उकलत नाही. कारागिराला आधी तो खरवडून काढावा लागतो, त्यात काठाचं लाकूड जातं आणि दुरुस्ती कित्येक पट महाग होते. आधीच कुणी लावला असेल तर ईमेलमध्ये तसं लिहा.

जुना सरस गरम पाण्याने साफ करणं, ताजा भरणं, क्लॅम्प लावणं हे तासाभराचं काम, पण क्लॅम्प रात्रभर राहतात. एका दिवसाच्या फेरीत म्हणूनच जमत नाही. शुक्रवारी दुपारी देऊन शनिवारी सकाळी घ्यायचं. शनिवारी सकाळी ते असतील का, हे ईमेलमध्येच पक्कं करा. सुटलेल्या जागेचा आणि समोरून-मागून असे तीन फोटो जोडा.

वाजवण्याची पद्धतही आधीच सांगा. कारागीर घोडी (तारा पेलणारा लाकडी तुकडा) आणि आतला साउंडपोस्ट (तबली आणि पाठ यांच्यामध्ये उभी असलेली छोटी काठी) जी-डी-ए-ई या सुरावटीला बसवतो, बोटं टेकवायच्या पट्टीच्या टोकाला तारेची उंची जी खाली साडेपाच आणि ई खाली साडेतीन मिलिमीटर धरून. तुम्ही पसापसा किंवा मसापसा लावत असाल तर काही तारा बऱ्याच उतरतात, ताण कमी होतो, आणि त्यांच्या मापाने घट्ट बसवलेला साउंडपोस्ट आवाज दाबतो. वाद्य देण्याआधी तुमच्या सुरात लावून, मांडी घालून, पाच मिनिटं मींड वाजवून दाखवा. तोंडी समजावण्यापेक्षा तेच कळतं. साउंडपोस्टला ते 'आनिमा' म्हणतात, म्हणजे आत्मा. तो अर्धा मिलिमीटर हलवला तरी फरक ऐकू येतो.

प्रवास : केस साधारण ८० सेंटिमीटर लांब, केबिन बॅगेच्या मापात बसत नाही. बऱ्याच कंपन्या हातातल्या बॅगेऐवजी नेऊ देतात, पण लेखी घ्या आणि उत्तर छापून ठेवा. तारा एक स्वर उतरवा, पूर्ण सैल करू नका, नाहीतर घोडी पडते, साउंडपोस्ट पडतो आणि तिथे पोहोचल्यावर पहिला खर्च तोच. विमानात आणि हीटर लावलेल्या खोलीत हवा फार कोरडी. केसमध्ये आर्द्रता ४० ते ६० टक्के राहील असं बघा, रात्री हीटरजवळ ठेवू नका. खुंट्या सरकायला लागल्या तर समजा लाकूड आखडतंय.

कागदपत्रं : निघताना विमानतळावर कस्टमकडून वाद्याचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, परत येताना 'तिकडे विकत घेतलं' असा वाद होत नाही. गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो गज घरीच ठेवा. परनाम्बुको लाकडाचा गज असेल तर बिल किंवा जुना फोटो जवळ असू द्या. ते लाकूड आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत आहे.

सुरपेटी

सोमवार रद्द, शुक्रवार-शनिवार पक्का! फेविकॉल लावलेला नाही, हुश्श. एक राहिलं : आत चिठ्ठी आहे, 'अंतोनिउस स्त्रादिवारिउस क्रेमोनेन्सिस, फाचिएबात आन्नो १७२१'. आजोबांनी मुंबईत जुनं घेतलं होतं. खरं नसणार हे ठाऊक आहे, पण तिथे तपासून घ्यावं का?

घोडी_आणि_गज

खरं नाही. लॅटिन वाक्याचा अर्थ एवढाच की 'क्रेमोनाच्या अंतोनिओ स्त्रादिवारीने अमुक वर्षी बनवलं', आणि ती चिठ्ठी लाखो व्हायोलिनांत छापून चिकटवली गेली. जर्मनीतलं मार्कनॉयकिर्खेन, बोहेमियातलं श्योनबाख, फ्रान्समधलं मिरकूर इथे घरोघरी सुटे भाग बनत आणि व्यापारी ते जोडून जगभर पाठवत. चिठ्ठी म्हणजे 'त्याच्या नमुन्यावर' एवढंच. फसवणूकही नव्हती ती, तेव्हा घेणाऱ्यालाही ठाऊक असे. स्त्रादिवारीची आज उरलेली सगळी वाद्यं मिळून साडेसहाशेच्या आसपास, आणि बहुतेकांचा मालकांपर्यंतचा माग लागलेला आहे.

स्वतः बघता येईल : दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि मोबाईलचा दिवा एफच्या आकाराच्या भोकातून आत घाला. चिठ्ठीखाली बारीक अक्षरात देशाचं नाव इंग्रजीत असेल तर वाद्य १८९१ नंतरचं, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर ते बंधनकारक झालं. मग चार कोपऱ्यांत बघा. क्रेमोनाच्या पद्धतीत आतल्या साच्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात भरीव ठोकळा असतोच. जर्मन-बोहेमियन स्वस्त मालात ठोकळा नसतो, किंवा दाखवण्यापुरती पातळ फळी आडवी लावलेली असते. तबलीच्या खालचा बास-बार (तिला आतून आधार देणारी लांब पट्टी) वेगळा चिकटवलेला नसून त्याच लाकडात कोरून ठेवलेला असेल तर तेही त्याच घराण्याचं लक्षण.

क्रेमोनाच्या कारागिराला 'हे किती किमतीचं' असं विचारू नका, तो बनवणारा आहे, मूल्यमापक नाही. 'दुरुस्तीला योग्य आहे का' हे विचारा. चांगल्या लाकडाचं जर्मन वाद्य हिंदुस्थानी वादनाला उत्तम चालतं.

वाद्य खरोखर शंभर वर्षांहून जुनं निघालं तर एक भारतीय अडचण : आपल्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू मोडू शकते आणि देशाबाहेर न्यायला पुरातत्त्व खात्याचं 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. आरसा आजच घाला, निघायच्या आदल्या दिवशी नको.

भाकरतुकडा

आईंच्या जेवणाचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

क्रेमोनाचं गाजलेलं जेवण त्यांच्यासाठी जवळजवळ सगळं बाद. मारुबिनी म्हणजे मांसाचं सारण भरलेला पास्ता, तोही मांसाच्या सुपात. ताज्या पास्त्यात अंडं असतंच, म्हणून भोपळ्याचे तोर्तेल्लीही नकोत. कोरडा पास्ता (पास्ता सेक्का) टोमॅटोत मागा, तो नुसता रवा आणि पाणी. 'सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो, सेन्झा उओवा' हे तिन्ही म्हणा : मांस नको, मांसाचं सूप नको, अंडं नको. नुसतं 'व्हेजेतारियाना' म्हटलं तर अंडं येतं. ग्राना पादानो आणि प्रोव्होलोने या चीजमध्ये वासराचं किंवा कोकराचं रेनेट (त्यांच्या पोटातून काढलेलं, दूध फाडायचं द्रव्य) असतं. कडक पाळत असतील तर 'सेन्झा फोर्माज्जो' जोडा. मोत्झारेल्ला नसलेला पित्सा मारिनारा सगळ्यात बिनधोक.

गावचं तोर्रोने म्हणजे मध, साखर, बदाम आणि अंड्याचा पांढरा. चिक्कीसारखं दिसतं म्हणून आईंना देऊ नका. मोस्तार्दा मात्र चालेल : अख्ख्या चेरी, नासपती, संत्री साखरेच्या पाकात मुरवून त्यात मोहरीचा अर्क. पहिला घास गोड, दुसऱ्या क्षणाला कच्च्या मोहरीसारखी नाकात जाते. आपल्या मोरांब्याच्या सवयीने चमचाभर तोंडात टाकू नका, नखाएवढी घ्या. बरणीत पाक असल्याने ती केबिन बॅगेत अडवतात, चेक-इनमध्ये टाका.

स्वयंपाकघरं दुपारी अडीचला बंद होतात, संध्याकाळी साडेसातशिवाय उघडत नाहीत. मधल्या वेळेसाठी पिशवीत काही ठेवा.

पोकाठी

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

तोरात्सो, म्हणजे कॅथेड्रलचा घंटामनोरा : ११२ मीटर उंच, ५०२ पायऱ्या, लिफ्ट नाही. आईंना खाली चौकात बसवा. तिथून त्याचं खगोलीय घड्याळ नीट दिसतं, १५८३ ते १५८८ मध्ये दिवित्सिओली बापलेकांनी केलेलं. तारखा, राशी, चंद्राच्या कला सगळं एका तबकडीवर. समोरचं अष्टकोनी बाप्तिस्मागृह ११६७ सालचं. संगीतकार मोंतेव्हेर्दी १५६७ मध्ये याच गावात जन्मला. त्याच्या नावाचा उत्सव मे-जूनमध्ये असतो, म्हणजे तुमच्या तारखांना नाही.

आणि स्त्रादिवारीचं थडगं शोधत बसू नका. तो १७३७ मध्ये गेला आणि सान दोमेनिको चर्चमध्ये पुरला गेला. ते चर्च १८६९ मध्ये पाडलं, आता तिथे पियात्सा रोमाची बाग आहे आणि बागेत शिळेची प्रतिकृती. घर मात्र आहे : कोर्सो गारिबाल्दी ५७, १६६७ मध्ये लग्न झाल्यावर तो तेरा वर्षं इथे राहिला. बाहेरून बघायला पाच मिनिटं पुरे. १९३८ मध्ये स्थापन झालेली व्हायोलिन बनवण्याची शाळाही याच गावात आहे. शुक्रवारी स्टेशनवरून येताना व्हिया पालेस्त्रोऐवजी कोर्सो गारिबाल्दीने चालत आलात तर वेगळी फेरी पडणार नाही, आणि व्हायोलिन कार्यशाळेत टाकून मोकळ्या हाताने चौकात पोहोचाल.